मूठभर रुई

मी एक जुना लाकडी पाय आहे, मित्रांनो, आणि इतकी वर्षं लोटली तरी माझा राग गेलेला नाही.

झाशीकडच्या लढाईत माझ्या धन्याचा, चंद्रभानचा, पाय गुडघ्याखाली तुटला, गावही जळालं. चार-पाच वर्षं कुबडीवर भटकत तो अकोटला आला. तिथं नत्थुजी सुतारांनी मला बाभळीतून घडवलं. माझ्या वरच्या अंगाला वाटीसारखा खोलगा कोरला, चामड्याचे पट्टे लावले आणि चंद्रभानला बजावलं, "यात रुई भरत जाय, नाईतर लाकूड मांस खाईन."

तेव्हा अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस बंद झाला होता आणि विलायतेला आपल्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. कापसाचे व्यापारी खुशालराव यांच्या आवारात रुईचे नुसते डोंगर! ती मुंबईला धाडायला टांगलेल्या मोठ्या पोत्यात भरत आणि चंद्रभान आत उतरून ती तुडवायचा. माझ्या टणक टोकानं रुई अशी दबून बसे की खुशालराव पाहुण्यांना बोलावून मला दाखवत. त्यांनी मला तेल चोळवलं, पितळी कडंसुद्धा बसवलं. काय चाटायचंय ते कौतुक?

खोलग्यातली रुई केव्हाच कुजून गेली होती. चंद्रभाननं मूठभर मागितली, तर खुशालराव म्हणाले, आज तू नेशील, उद्या सगळेच नेतील. कमरेइतक्या कापसात उभ्या माणसाला मूठभर कापूस मिळू नये! मी रोज त्याचं मांस सोलत होतो. तो मुकाट सोसायचा, कारण हे काम सुटलं तर त्याला जायला जागाच नव्हती.

एका दुपारी पोत्यातली रुई लाल झाली. खुशालराव ओरडले, तेही रुईसाठी. रुईतला कचरा वेचणाऱ्या बायकांतली दुर्गाबाई उठली.

"मालक, हे रुई आता मुंबईले चालते का?"

"काहून चालीन? खराब झाली."

"मंग ज्याच्या रगतानं खराब झाली, त्याले चांगली द्या."

साऱ्या बायकांचे हात थांबले होते. खुशालरावांनी मान खाली घातली आणि रुईच्या ढिगाकडे हात केला. दुर्गाबाईनं माझे पट्टे सोडले, जखम धुतली आणि किती दिवसांपासून दुखतंय ते विचारलं. चार महिन्यांपासून, असं तो म्हणाला. तिनं त्याला पंधरा दिवस मला घालू दिलं नाही. जखम भरली, मगच स्वच्छ रुईवर त्यानं पाय टेकला.

मित्रांनो, आजही लोक मला हातात घेऊन म्हणतात, वा, काय घडवलाय! संताप होतो माझा. लाकडाचं कौतुक मागाहून करा, आधी माणसाला विचारा, दुखतंय का? चंद्रभानला हे अख्ख्या आवारात एकाच बाईनं विचारलं, आणि तेही रक्त सांडल्यावर.