नवव्या मजल्यावरचं पाणी

सावित्रीबाईंनी पायाच्या अंगठ्याने नव्या इमारतीतली फरशी दाबून पाहिली, मग वाकून बोटाच्या पेराने ठोकली.

"ह्याच्या खाली लाकूड हाय म्हणतेस?"

"हो, आई. जाड फळ्यांचा थर. त्यावर सिमेंटचा पातळ थर, आणि वर ही फरशी."

"आणि पाणी सांडलं की भोंगा वाजणार."

"लगेच."

सावित्रीबाई हसल्या. "गणपती यायचा म्हटला की आमी बायका घर धुणार, बादल्याच्या बादल्या ओतून. तुझे भोंगे सगळ्या मजल्यांवर बोंबलत सुटतील. आणि सारखं बोंबलणाऱ्याकडे कोण बघतंय गो? त्याला गप करतात."

"पुसायचं, धुवायचं नाही. सगळ्यांना सांगितलंय," वैष्णवी म्हणाली, आणि कडेवरच्या समर्थच्या तोंडातली किल्ली काढून घेतली. सासूबाईंचं बोलणं तिथंच राहून गेलं.

तेव्हा ज्येष्ठ चालू होता. आता गणपती बसून दुसरा दिवस लागला होता. रत्नागिरीजवळच्या पालीत, सासरच्या घरी, माजघराच्या उंबऱ्याला टेकून ती समर्थला मऊ भात भरवत होती, तेवढ्यात मांडीजवळ उपडा ठेवलेला फोन थरथरला. तिने डाव्या हाताने तो उलटा केला. पडद्यावर लाल ठिपका होता, आणि त्याखाली आकडा – ९०३.

सुरुबन ही रत्नागिरीतली बारा मजली इमारत. जिना आणि लिफ्ट असलेला मधला कणा काँक्रीटचा, आणि त्याला धरून उभे राहिलेले मजले लाकडाचे. त्या इमारतीतलं पाणी, सांडपाणी, आग विझवण्याचे पाइप, सगळं वैष्णवीने आखलेलं होतं. पहिलं वर्षभर त्यावर नजर ठेवायचं कामही तिच्याकडेच होतं. उभे पाइप तिने काँक्रीटच्या कण्यात ठेवले होते. लाकडात शिरायला प्रत्येक घरासाठी एकच जागा दिली होती. फरशीखाली ओल कळणारी पट्टी, आणि प्रत्येक पाइपवर वाहतं पाणी मोजणारं मीटर आणि फोनवरून उघडबंद करता येईल असा व्हॉल्व्ह.

लोक भेटले की आगीचं विचारत. आगीचं उत्तर तिच्याकडे तयार असे. जाड लाकूड बाहेरून हळूहळू कोळसा होत जातं आणि आत बराच वेळ तग धरतं, माणसं खाली उतरेपर्यंत. तिला भीती होती ती पाण्याची. आग आरडाओरडा करते. पाणी गप्प राहतं. फरशीखाली मुरत जातं, आणि कळतं तेव्हा आतलं लाकूड मऊ झालेलं असतं. समर्थ झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून ती श्वास बघायची, आणि तोच हात मनात मजल्यामजल्यावरून पाइप चाचपत वर जायचा. विनीत, तिचा नवरा, म्हणायचा, "तुला दोन पोरं आहेत. एक बारा मजली."

गेल्या आठवड्यात सासूबाईंचं म्हणणं खरं झालं होतं. घरं धुतली गेली. भोंगे वाजले. सुरुवातीला तिने घरोघरी फोन केले. "धुतोय हो मॅडम, गणपती नाहीत का," हेच उत्तर सगळीकडून आलं. मग सोसायटीचे सेक्रेटरी चिडले, की लहान मुलं दचकून उठतात, बंद करा हे. लहान मूल म्हटल्यावर तिला पुढे बोलवेना. तिने सगळ्या इमारतीचे भोंगे बंद केले. ठिपके तेवढे फोनवर येत राहिले, आणि तिने ते बोटाने बाजूला सारायची सवय लावून घेतली.

आत्ताही अंगठा त्याच सवयीने उठला, आणि मध्येच थांबला. गणपती बसल्यावर घर कोण धुतं?

तिने वॉचमनला, सदूला, फोन लावला.

"सदू, नऊशे तीनमध्ये कोण आहे?"

"कोण नाय, मॅडम. दमयंतीकाकूंचा ब्लॉक तो. त्या अलोऱ्याला गेल्या, भाच्याकडे. सगळी बिल्डिंगच रिकामी. मी पण सावर्ड्याला आलोय, घरी."

"मग गेटवर?"

"एजन्सीचा बदली माणूस यायचा होता. आला असंल."

"असंल?"

"येतो म्हणाला होता," सदू जरा पडेल आवाजात म्हणाला.

म्हणजे बंद घरात पाइप फुटला होता. वैष्णवीला ती जागा डोळ्यांसमोर दिसली. लाकूड वाळताना किंचित खाली बसतं, काँक्रीट जागचं हलत नाही, म्हणून दोन्हींच्या सांध्यात तिने लवचीक तुकडा दिला होता. तोच निसटला असणार. पाणी फळ्यांवर पसरत असणार. तिने नऊशे तीनचे व्हॉल्व्ह बंद केले. पळणारे आकडे मंदावले आणि शून्यावर आले.

"काय झालं गो? तोंड पांढरं पडलंय तुझं." सावित्रीबाई निरांजनात वाती घालत होत्या.

"नवव्या मजल्यावर पाणी फुटलं होतं. केलं बंद."

"मग ऊठ. आरतीला उशीर होतोय."

ती उठली. समर्थचं तोंड पुसलं. पुसता पुसता हात थांबला. काहीतरी टोचत होतं. तिने फोन पुन्हा उघडला आणि पाणी बंद व्हायच्या आधीचे आकडे पाहिले. त्या घरात दोन पाइप जात होते, एक थंड पाण्याचा आणि एक गच्चीवरून येणारा गरम पाण्याचा. दोन्ही वाहत होते. बराच वेळ, एकाच वेगाने.

सांधा निसटला तर एक पाइप फुटतो. गरम आणि थंड एकाच वेळी वाहतं ते कोणीतरी अंघोळीची बादली लावल्यावर.

तिने दमयंतीकाकूंना फोन केला. घंटी पुरी वाजून बंद पडली. पुन्हा केला. पुन्हा तेच.

मग सदूला. "तू काकूंना गाडीत बसताना बघितलंस?"

पलीकडे आरतीचे टाळ वाजत होते. सदू त्यांच्यावर आवाज चढवून बोलू लागला.

"परवा पिशवी घेऊन खाली बाकड्यावर बसल्या होत्या, सकाळपासून. भाचा गाडी घेऊन येणार होता. मी म्हटलं पण, काकू, येताना मोदक आणा. दुपारी पंप बघायला गेलो, आलो तर बाकडं रिकामं. म्हणजे गेल्याच ना, मॅडम?"

दमयंतीकाकू शाळेतून निवृत्त झालेल्या. पाठ अजून ताठ. लिफ्टमध्ये भेटल्या की वैष्णवीला म्हणायच्या, "तुझ्या लाकडाला वाळवी लागली तर मला आधी सांग हो. मला उतरायला वेळ लागतो." भाचा आला नाही हे त्या वॉचमनला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. पिशवी उचलून, कोणी बघत नाही असं पाहून, त्या वर गेल्या असतील. दार लावून घेतलं असेल. गावाला गेलेल्या माणसासारख्या गप्प बसून राहिल्या असतील.

"काकू घरातच आहेत, न्हाणीत पडल्या असतील," ती विनीतला म्हणाली. त्याने गाडीची चावी घेतली. समर्थने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. सावित्रीबाईंनी एक एक बोट सोडवून त्याला खांद्यावर घेतलं. ज्येष्ठात भोंग्यांवरून म्हटलेलं त्यांनी आता काढलं नाही.

"जा. मी हाय त्याच्याकडे."

रत्नागिरीच्या वाटेवर हातखंब्यापर्यंत गाडी बरी चालली, पुढे मुंगीच्या पावलाने. दीड दिवसाचे गणपती निघाले होते. पुढच्या टेम्पोत मूर्तीवर प्लास्टिकचा कागद धरून चौघे उभे होते, आणि मागे ढोल. वॉचमनच्या एजन्सीत कोणी फोन उचलत नव्हतं. विनीतने मदतीच्या नंबरवर पत्ता सांगितला.

"गाडी पाठवतो म्हणाले. पण विसर्जनाने रस्ते भरलेत."

"किती वेळ?"

"नाही सांगितलं."

वैष्णवीच्या हातात फोन होता आणि फोनवर शून्य होतं. ते तिनेच आणलेलं. त्या बंद घरातून बाहेर येणारी एकच खूण होती, वाहतं पाणी, आणि तिने ती तोडून टाकली होती. आत कोणी पडलेलं असेल तर त्या माणसाने नळ थांबताना ऐकला असेल. त्याला काय वाटलं असेल?

पाणी पुन्हा सोडलं तर ते उंबरठ्यावरून फरशीखाली जाणार. न्हाणीच्या जाळीवर कपडा पडला असणार, त्याशिवाय पट्टीला ओल लागली नसती. तिथून फळ्या. एवढे महिने तिने जे जिवापाड कोरडं ठेवलं होतं, ते.

पडलेल्या माणसाला भाजू नये म्हणून गरम पाण्याचा व्हॉल्व्ह तिने बंदच ठेवला. थंडाचा उघडला.

आकडा वर चढला आणि एका जागी स्थिर झाला. नळ उघडाच होता, त्यामुळे एवढ्याने काहीच कळत नव्हतं. ती बघत राहिली. पुढे ढोल थांबला, पुन्हा सुरू झाला. आकडा तसाच. रात्री समर्थचा श्वास लांबला की तिचा स्वतःचा थांबायचा, तसा आत्ता थांबला.

आकडा खाली आला. शून्य.

"रेंज गेली का?" ती पुटपुटली. रेंज होती.

शून्य. मग पुन्हा हळूहळू वर. पुन्हा खाली.

बादलीचा नळ गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवायचा, हे नकाशावर तिनेच ठरवलं होतं. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचतो.

"विनीत," ती म्हणाली, "त्या नळ फिरवतायत."

विनीतने हॉर्नवर हात ठेवला आणि पुढची मूर्ती बघून काढून घेतला. वैष्णवीने सोसायटीचा ग्रुप उघडला. तिथे गावोगावच्या आरासांचे फोटो येत होते. तिने त्यांच्याखाली लिहायला सुरुवात केली, आणि लिहून झाल्यावर तेच फोनमधल्या ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या, प्रत्येक नावाला पाठवत गेली.

"हे जे कोणी वाचत असाल. तुम्ही रत्नागिरीत असाल तर आत्ता सुरुबनला जा. नववा मजला, नऊशे तीन. कुलूप दिसणार नाही, दिवाही दिसणार नाही, आतून ओ येणार नाही कदाचित. तरी दार वाजवा आणि दमयंतीकाकू म्हणून मोठ्याने हाक मारा. त्या गावाला गेलेल्या नाहीत, घरात पडल्यात. दार फोडावं लागलं तर फोडा, लाकडाचं काही बघू नका. आम्ही हातखंब्याला अडकलोय. कोणीतरी जाऊन त्यांना बघा."