मखमलीचा कायदा

अमेरिकेतल्या नोव्हायपासून तासाभराच्या अंतरावर दर ऑगस्टमध्ये जत्रेपुरतं सोळाव्या शतकातलं एक इंग्लिश गाव उभं राहतं. भानुदास मोटारींच्या रंगाच्या चाचण्या घेतो. मखमल पॉलिएस्टरची आहे आणि लोहाराची भट्टी गॅसवर चालते, हे त्याने आत शिरताच नोंदवलं.

"आले परीक्षक," त्याची बायको अंजना म्हणाली. "तेही कोट घालून. हीट स्ट्रोक आला की नाइन-वन-वनला कॉल मीच करायचा ना?"

सकाळी त्यांच्या मुलीने, मोनालीनेही विनवलं होतं, "बाबा, प्लीज, आज टी-शर्ट." कारण मात्र सांगितलं नव्हतं. भानुदासच्या आजोबांना गावात नवं धोतर नेसायची मनाई होती. तेव्हापासून चारचौघांत जायचं ते सूट घालूनच, हा घरचा नियम होता.

आज मोनालीची परीक्षा होती. प्रयोग जमला तर जत्रेतल्या खेळात पूर्ण हंगामाची भूमिका मिळणार होती, आणि ती तिला फार हवी होती.

भूमिका पोशाख-अधिकाऱ्याची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कोणी कोणतं कापड घालायचं हे कायदा ठरवत असे. रेशीम आणि मखमल वरच्यांसाठी. खेळ असा, की अधिकाऱ्याने प्रेक्षकांतला एखादा नटलेला माणूस पकडायचा, त्याचा दर्जा विचारायचा आणि सगळ्यांच्या हशात त्याचं वरचं वस्त्र उतरवायचं.

भर उन्हात कोट घातलेला माणूस एकच होता. दिग्दर्शकाने बाजूने त्याच्याकडे बोट दाखवलं. मोनालीने दुसरीकडे पाहिलं. त्याने पुन्हा दाखवलं.

"तुझा दर्जा?" तिने इंग्रजीत दरडावलं.

"रंग तपासतो."

"मग हा कोट कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही. शिवून घेतला."

लोक हसले. "उतरव!" मागून कुणीतरी ओरडलं.

टी-शर्टचं कारण भानुदासला आत्ता कळलं. मुलीची भूमिका जायला नको, एवढा विचार करून त्याने वरचं बटण काढलं.

"राहू द्या, बाबा," मोनाली मराठीत म्हणाली. मग प्रेक्षकांकडे वळून इंग्रजीत, "कोट निर्दोष आहे. कायदा चुकीचा आहे."

हशा थांबला. टाळी कुणी वाजवली नाही. दिग्दर्शकाने कागदाचं पान उलटलं.

पार्किंगमध्ये तिने निकाल सांगितला. "भूमिका दुसरीला दिली. मला किचनमध्ये टाकलंय. टर्की भाजायची."

"टर्की त्या काळी इंग्लंडात पोचली होती," भानुदास म्हणाला. "तेवढं तरी बरोबर आहे."

"बाबा, यू आर इम्पॉसिबल."

गाडीशी आल्यावर त्याने कोट काढला, आतली बाजू वर करून नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला.