गाईपुढचं गाऱ्हाणं

कंडक्टरांनी बादली गुडघ्यांत धरली, सडाला हात घातला आणि ओढलं. गाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, शेपटी त्यांच्या कानावर हाणली आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"ओढायचं नाही, दाबायचं," वहिनींनी बजावलं होतं. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी शिकवणी घेतली होती. कोमट पाण्यानं कास पुसायची, पहिल्या चार धारा वेगळ्या काढून टाकायच्या, वरच्या बोटापासून एकेक बोट मिटत खाली यायचं. कंडक्टरांनी सगळं वहीत आकडे घालून लिहून घेतलं. तीस वर्षं धावत्या बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, एका जागी उभ्या असलेल्या जनावराला काय भिणार? पण तीन दिवस झाले, बादलीचा तळ काही झाकेना.

नोकरी संपल्यावर ते थोरल्या भावाच्या घरी राहायला आले होते. भाऊ दोन वर्षांपूर्वीच गेला होता. घरात वहिनी आणि ही गाय. वहिनींनी खोली दिली, दोन वेळचं ताट दिलं, बोलणं मात्र कामापुरतं ठेवलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना त्यांनी गाय सोपवली, तीही दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

"आठ दिवस आहेत," पिशवी उचलताना त्या म्हणाल्या. "मी येईतो गाय आटली, तर भाऊजी, तुम्ही तुमची सोय दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कंडक्टरांना या वयात माहीत नव्हतं. त्यांना इथंच राहायचं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी कास चाचपली.

"गाय ठणठणीत आहे. दूध आहे, पण ती सोडत नाही. वासरू लांब गेलं की गाय सवयीनं पान्हा सोडते. वहिनी करतात ते सगळं करताय ना?"

कंडक्टरांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली, हसू दाबलं आणि परत दिली.

"काहीतरी राहतंय," ते म्हणाले. "दोन-तीन दिवसांत शोधा, नाहीतर कास सुजेल."

काय राहतंय ते भिंतीपलीकडच्या शिवणवालीनं सांगितलं. तिचं मशीन गोठ्याला लागूनच होतं.

"तुम्ही दूध काढताना गप्प का बसता?"

"वहिनी गातात की काय?"

"गातात कसल्या. बोलतात."

"काय बोलतात?"

शिवणवालीनं सुईत दोरा ओवायला उगाच वेळ लावला.

"तुमच्याबद्दल."

 कंडक्टरांनी खिशातून वही काढली.

"सांगा," ते म्हणाले.

"खायला काळ नि भुईला भार, इथून सुरुवात. मग आयत्या बिळावर नागोबा. मग ओला टॉवेल पलंगावर टाकतो. मग चहा, दिवसातून पाच वेळा."

"चार वेळा."

"मी ऐकलं ते सांगतेय."

त्यांनी पाच लिहिलं. मनाला लागलं, पण लिहिलं.

त्या संध्याकाळी ते गाईजवळ बसले आणि म्हणाले, "खायला काळ." आवाज बसच्या मागच्या दारापर्यंत पोचायची सवय असलेला, गाय दचकून बादलीत पाय घालून बसली. मग त्यांनी सूर उतरवला, वहिनींसारखं पुटपुटत, दर वाक्याला एक सुस्कारा टाकत सगळी यादी म्हटली. टॉवेलापाशी गाईचे कान सैलावले. चहापाशी कास भरून आली आणि पहिली धार बादलीत वाजली. आपली इतकी नालस्ती केल्याचा आनंद कंडक्टरांना जन्मात कधी झाला नव्हता.

अडचण एवढीच की यादी अर्ध्या बादलीला संपायची, आणि एका बैठकीत तेच पुन्हा म्हटलं की गाय आखडायची. वहिनींचा साठा मोठा असावा. मग कंडक्टरांनी पदरची भर घालायला सुरुवात केली. घोरतो. दार आपटतो. पेपर आधी स्वतः वाचतो. सातव्या दिवशी तेही पुरेना आणि धार बारीक व्हायला लागली.

"भाऊ आजारी होता तेव्हा आला नाही," ते हळूच म्हणाले. "रजा मिळत नाही म्हणून कळवलं. अर्जच केला नव्हता. आजारपण बघायची भीती वाटली त्याला."

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. दूध मात्र येत राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी वहिनी काळा चष्मा लावून, ठरल्यापेक्षा दोन तास आधी आल्या. गोठ्याच्या दारात पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. कंडक्टरांची पाठ दाराकडे होती आणि ते रजेपर्यंत पोचले होते. सगळं सांगून झालं, तेव्हा बादली उचलून ते वळले.

वहिनींनी बादलीत डोकावून पाहिलं.

"फेस चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

 दुपारी कंडक्टरांनी आपली बॅग पलंगाखालून काढून वर ठेवली.

संध्याकाळी वहिनी स्वतःच बसल्या. कास पुसली, चार धारा काढून टाकल्या, हात नेहमीच्या सफाईनं चालू लागले. "खायला काळ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. गाय कान टवकारून वाट बघत राहिली. बराच वेळ गेला तरी बादलीचा तळ झाकला नाही.

वहिनी उठल्या. पदराला हात पुसला आणि बादली कंडक्टरांच्या हातात दिली.

"उद्यापासून तुम्हीच बसा," त्या म्हणाल्या.

"हात दुखतोय का?"

"हाताला काय धाड भरलीय? मला बोलायला काही सुचत नाही."

दारापाशी जाऊन त्या थांबल्या.

"आणि भाऊजी, ते रजेचं आता पुरे. गाईला एकदा सांगितलं की कळतं."