शोशाम्माची चुंबळ

मरणाची घंटा वाजली की गावातले लोक हातातलं काम टाकून चर्चचा सेवक, कप्यार पैली याच्या घरी फोन लावत. चर्चची घंटा पैलीच वाजवायचा, तेव्हा तो घरी नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोन त्याची बायको शोशाम्मा उचलायची. कोण गेलं, कशाने गेलं, मूठमाती किती वाजता, एवढं सांगून झालं की ती म्हणायची, "असू दे. देव चुंबळ दिल्याशिवाय ओझं देत नाही. वचनच आहे तसं." पलीकडचा माणूस "हो, वचनच आहे," म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

त्या मंगळवारी सकाळी घंटा वाजली. लोकांनी फोन लावला. तो वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. नदीपलीकडच्या राहेलाम्माने पुन्हा लावून पाहिला. मग फोन खाली ठेवून जावेला म्हणाली, "शोशाचेडत्ती गेली गं." गावाला कळलं ते असं. कोणाला सांगावं लागलं नाही.

पैली तेव्हा दोराशी उभा होता. चर्चचे पाद्री स्कारिया अच्चन त्याला म्हणाले होते, "पैलीचेट्टा, आज तरी राहू द्या. दुसरा कोणीतरी ओढेल."

"दुसऱ्याला घाई असते, अच्चन," पैली म्हणाला.

मरणाच्या घंटेत ओढण्यापेक्षा थांबणं जास्त असतं. एका ठोक्याचा आवाज रबराच्या झाडांत पार विरून जाऊ द्यायचा, मग दुसरा द्यायचा. पैलीने गावातल्या सगळ्या मेलेल्यांना तेवढा वेळ दिला होता. त्या दिवशी मधल्या शांततेत त्याला टेकडीखालच्या आपल्या घरातला फोन ऐकू येतोय असं वाटत होतं. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी त्याने ऐकला.

शोशाम्माच्या पोटात कॅन्सर होता. कोट्टयमच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, आणि परत शिवलं. "घरी न्या. आवडेल ते खायला घाला," म्हणाले. आवडेल ते! पेजेचं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. मासळीचं कालवण आणि उकडलेला कप्पा कंद हे तिचं जीव की प्राण. शेजारी कोणी कप्पा उकडला की ती दार लावून घ्यायला सांगायची.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी कबरीवर दगड बसवायचा, ही त्यांच्याकडची रीत. वर क्रूस, खाली नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि त्याखाली वेदपुस्तकातलं एक वचन, अध्याय आणि ओवीच्या आकड्यांसह. आकड्यांशिवाय वचन कोरायचं नाही, असा मंडळीचा नियम होता. फार पूर्वी एका म्हाताऱ्याच्या मुलांनी बापाच्या दगडावर सिनेमातली ओळ कोरून घेतली होती, तेव्हापासूनचा.

पैलीला विचार करावाच लागला नाही. तो दिवाकरन पाथरवटाकडे गेला आणि म्हणाला, "लिही. देव चुंबळ दिल्याशिवाय ओझं देत नाही."

दिवाकरनने खडूने दगडावर अक्षरं आखली आणि मान तिरकी करून पाहिली. "छान आहे. पण हे तुमच्यात कसं आलं? आमची आजी म्हणायची, हे आमच्या पुराणात आहे."

"तुझ्या आजीने आमच्या बायकोकडून ऐकलं असेल."

"आजी जाऊन जमाना झाला, चेट्टा. बरं, ते राहू द्या. आकडे सांगा."

पैलीला आकडे माहीत नव्हते. जन्म चर्चमध्ये गेला, मेणबत्त्या लावण्यात, धुपाटणं पेटवण्यात. रोज वाचन कानावर पडायचं, पण कुठलं कुठे आहे हे त्याने कधी लक्षात ठेवलं नव्हतं. त्याला वाटलं, कोणालाही विचारू, सांगतील.

रविवारी उपासना संपल्यावर माणसं कोरा चहा घेत अंगणात उभी होती. पैलीने विचारलं. मंडळीचे विश्वस्त चांडी छातीवर हात ठेवून म्हणाले, "स्तोत्रांत आहे. डाव्या पानावर, खाली. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"स्तोत्रांत कशाला असेल?" राहेलाम्मा म्हणाली. "पौलाचं पत्र आहे ते. इतकं खडसावून दुसरं कोण बोलतं?"

"राहेलाम्मा, तुला खडसावलेलं सगळं पौलाचंच वाटतं. नवरा ओरडला तरी."

"माझ्या नवऱ्याला ओरडायला तोंड कुठे मोकळं असतं? सदानकदा पान."

लोक हसले. पैलीही हसला असता. कोणी म्हणालं ईयोब, कोणी म्हणालं नीतिसूत्रं. सगळ्यांना खात्री होती, आणि प्रत्येकाची जागा वेगळी होती. शेवटी चांडी म्हणाले, "अच्चनना विचारा. त्यांच्या फोनमध्ये अख्खं पुस्तक आहे."

अच्चन तरुण होते आणि चांगले होते. शोशाम्माच्या आजारपणात आठवड्यातून एकदा तरी यायचे, तिच्या उशाशी बसायचे. त्यांनी पैलीला ओसरीवर बसवलं आणि फोनमध्ये 'ओझं' शब्द शोधला. ओझी पुष्कळ निघाली. गाढवांवरची, गुलामांवरची, राजाने प्रजेवर लादलेली. मग त्यांनी 'चुंबळ' शोधला, आणि पुन्हा एकदा शोधला.

"पैलीचेट्टा, चुंबळ नाहीये."

"म्हणजे?"

"अख्ख्या पुस्तकात कुठेही नाही. पौलाचं एक वाक्य जवळपास जातं. देव तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही, असं. पण ते मोहाबद्दल आहे. पापाचा मोह. दुखण्याबद्दल नाही."

"शोशाम्माला कसला मोह होता? कप्प्याचा?"

अच्चन हलकेच हसले आणि लगेच गंभीर झाले. "तिला हे कोणी शिकवलं?"

पैलीने आठवून पाहिलं. शोशाम्माची आई डोक्यावर कप्प्याची पाटी घेऊन डोंगर चढून बाजाराला जायची. शोशाम्मा लहान होती तेव्हापासून तीही जायची, छोटी पाटी घेऊन. आई आधी जुन्या धोतराचा तुकडा पिळून त्याचं वेटोळं, म्हणजे चुंबळ, करायची, लेकीच्या डोक्यावर ठेवून दाबून बघायची, आणि मगच पाटी ठेवायची. ठेवताना म्हणायची, देवाचंही असंच असतं गं.

"म्हणजे हे आईचं वचन," अच्चन म्हणाले.

"म्हणजे केलं आईने, आणि नाव झालं देवाचं," पैली म्हणाला.

अच्चनना ते लागलं. ते म्हणाले, "असं नका बोलू. पुस्तक देवाच्या श्वासातून आलंय असं आपण मानतो. त्यात भर घालायची नाही, त्यातून काढायचं नाही. माणसाच्या तोंडचं कितीही गोड असलं तरी देवाच्या तोंडी घालता येत नाही. उद्या त्यावर कोणी विसंबून राहिलं, तर?"

"राहिलं की," पैली म्हणाला. "अख्खं गाव विसंबलंय. इतकी वर्षं प्रत्येक मयताच्या घरी तिने हेच वाटलं. तुमच्या आधीच्या अच्चननी पण ऐकलं. त्यांच्या आईच्या वेळी रडत रडत 'वचनच आहे' म्हणाले. तेव्हा कोणी आकडे मागितले नाहीत."

अच्चननी फोन बाजूला ठेवला.

"एक विचारू? रविवारी मीच पुढे उभा राहून म्हणतो, सर्वशक्तिमान पित्यावर आम्ही विश्वास ठेवतो. पिता म्हणजे प्रेमाचा, हे तुम्ही शिकवता. मग तिच्या बाबतीत त्याला जमलं नाही, की त्याच्या मनात नव्हतं? दोन्हींतलं एक सांगा. मी म्हातारा माणूस, मला दोन्ही एकदम पेलत नाही."

"याचं उत्तर माझ्याकडे नाही," अच्चन म्हणाले. "एवढंच सांगतो, देव ओझ्याच्या बाहेर उभा राहिला नाही. पुत्र होऊन स्वतः क्रूस उचलला. त्यालाही चुंबळ कोणी दिली नव्हती. वाटेत पडला, तेव्हा शिमोन नावाचा एक माणूस मिळाला, त्याने क्रूस धरला."

"मिळाला नाही, अच्चन. शिपायांनी पकडून आणला. दरवर्षी दुःखाच्या शुक्रवारी मी ऐकतो ते वाचन. शेतावरून घरी चालला होता बिचारा."

अच्चननी दुसरी वचनं सुचवली. मेंढपाळाचं, हिरव्या कुरणाचं, पुनरुत्थानाचं. पैली म्हणाला, "ती चांगली आहेत. पण ती तिची नाहीत." आणि उठला.

पुढच्या रविवारी विश्वासाची कबुली म्हणताना तो 'सर्वशक्तिमान' शब्दापाशी आला आणि थांबला. कप्यार थांबला तशी मागची मंडळी अडखळली, काही जण पुढे गेले, काही मागे राहिले, आणि शेवटपर्यंत सगळं विस्कटलेलंच राहिलं. बाहेर चांडींनी त्याला गाठलं.

"पैली, आज एक शब्द गिळलास."

"गिळला कुठे? उतरला नाही, म्हणून तोंडातच ठेवला."

"लोक नावं ठेवतील बाबा."

"ठेवू देत. दगडावर तरी काहीतरी ठेवायचंच आहे."

चांडी तोंडाने फटकळ होते, पण माणूस वाईट नव्हता. शोशाम्माचेच शब्द दगडावर राहू द्या, म्हणत ते घरोघर फिरले. बायकांनी तर गोंधळच घातला. राहेलाम्मा मंडळीच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "माझा पोरगा नदीत गेला, तेव्हा मी फोन केला होता. शोशाचेडत्ती म्हणाली म्हणून मी दुसऱ्या दिवशी उठले. पुस्तकात नसेल तर नसेल. मी उठले हे तर खरं ना?" शेवटी अच्चननीच तोड काढली. आकडे नकोत. वर 'शोशाम्मा म्हणत असे' असं लिहायचं आणि खाली तिचे शब्द. देवाच्या नावावर नाही, तिच्या नावावर.

ही बातमी घेऊन चांडी धापा टाकत टेकडी उतरून आले. "पैली! झालं तुझ्या मनासारखं. आता दिवाकरनला सांग, छिन्नी उचल म्हणावं."

पैलीने त्यांना चहा दिला. तो आनंदला नाही, हे चांडींच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, दुःख आहे, चालायचंच. ते पाठ थोपटून गेले.

पैली एकटाच बसून राहिला. अच्चननी नाही म्हटलं, तोवर त्याला भांडायला जागा होती. आता जागा उरली नाही, आणि इतके दिवस जे मागे ढकललं होतं ते समोर आलं.

शेवटच्या आठवड्यात दुखणं फार वाढलं होतं. दुपारची वेळ होती. शोशाम्माने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "अहो, चुंबळ सरकली."

त्याला वाटलं उशीबद्दल बोलतेय. त्याने उशी सारखी केली. तिने मान हलवली. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत म्हणाली, "होती का हो कधी?"

"होती. आहे," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याने फडकं भिजवून तिच्या कपाळावर ठेवलं. तिने ते काढून टाकलं.

त्यानंतर तिने ते वचन उच्चारलं नाही. राहेलाम्मा भेटायला आली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "चेडत्ती, तुम्हीच सांगायचा ना, देव चुंबळ दिल्याशिवाय..." शोशाम्माने भिंतीकडे तोंड फिरवलं. राहेलाम्माला वाटलं कळ आली. ती डोळे पुसत बाहेर गेली. पैलीने कोणाला काही सांगितलं नाही. अच्चनना नाही, चांडींना नाही.

आता तो दगडावर काय लिहून घेणार होता? 'शोशाम्मा म्हणत असे.' म्हणत असे खरं. पण शेवटी म्हणाली ते वेगळंच, आणि ते शब्दही तिचेच होते. ते लिहिले तर राहेलाम्मा पुन्हा झोपेल ती उठायची नाही. हे लिहिलं तर शोशाम्माला मेल्यावरही कायम एका गोष्टीची ग्वाही द्यावी लागणार, जी तिने मरताना परत केली होती. देवाचं काय, पुस्तकात नाही म्हणून त्याला ते नाकारता येतं. मेलेल्या बाईला दगडावरचं कसं नाकारता येईल?

चाळिसाव्याची प्रार्थना दगडाशिवायच झाली. लोकांना अप्पम आणि कालवण वाढलं. सगळे म्हणाले, दिवाकरन फार आळशी झालाय.

मग पावसाळ्याआधी माथाई म्हातारा गेला. पैलीने घंटा वाजवली, प्रत्येक ठोक्याला वेळ दिला, आणि टेकडी उतरून घरी आला तर फोन वाजतच होता. त्याने उचलला. पलीकडे माथाईची भाची होती, लांबच्या गावाहून.

"मामा गेले," पैली म्हणाला. "मूठमाती उद्या, चार वाजता."

भाचीने फोन ठेवला नाही. ती वाट पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तीच रडवेल्या आवाजात म्हणाली, "देव चुंबळ दिल्याशिवाय ओझं देत नाही ना, चेट्टा?"

"उद्या चार वाजता," पैली म्हणाला. "वेळेवर ये."

दगड दिवाकरनच्या अंगणात फणसाखाली उभा आहे. क्रूस कोरून झालाय, नाव झालंय, दोन्ही तारखा झाल्यात. खडूची अक्षरं पावसाने धुतली. दिवाकरन येता-जाता विचारतो, "चेट्टा, खाली काय घालू?" पैलीने त्याला अजून सांगितलेलं नाही.