आत दुमडलेला कोपरा

वीबेच्या फाटकावर गेलं वर्षभर देशाचा झेंडा उलटा टांगलाय. हेगमधलं सरकार गाई कमी करा म्हणतं, म्हणून निषेधाला निळा पट्टा वर आणि लाल खाली. देशाचा एवढा कैवार, पण तो मळका झेंडा धुवायचं कुणाला सुचलेलं नाही. वीबे माझा भाचा. प्रांताच्या निवडणुकीला उभा राहिला आणि अचानक त्याला युद्धाची आठवण यायला लागली. जन्माला आला तेव्हा युद्ध संपून तीस वर्षं झाली होती.

"आत्या, आजीची ठेवणीतली कापडं काढ," तो म्हणाला. "दुपारी गावातली मंडळी कॉफीला येतायत, पेपरचा फोटोग्राफरही. आणि आजोबांनी भुकेल्यांना जगवलं ते तू सांगायचं. तू डोळ्यांनी बघितलंयस."

"जे बघितलं ते सांगू?"

"अगं, थोडक्यात! शहरवाले उपाशी मरत होते तेव्हा आपण त्यांना खायला घातलं, आणि आता तेच आपल्याला गोठ्यातून हाकलतायत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

पाण्याची हौस याला, आणि नळ व्हायचं मी!

आमच्या कपाटातली कापडं सत्तर वर्षं मीच धुतली, मीच इस्त्री केली. घरातल्या पुरुषांनी त्यांना तोंड पुसण्यापलीकडे कधी हात लावला नाही, त्यामुळे त्यांना काही माहीत नाही. आमच्या भागात नवरी लग्नाआधी प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात आपल्या नावाची अक्षरं भरते. माझ्या आईची अक्षरं कपाटातल्या फक्त दोन चादरींवर आहेत. म्हणून आईचा दंडक होता, कापड अंथरायचं ते अक्षरांचा कोपरा आत दुमडूनच. मीही जन्मभर तसाच दुमडत आले. त्याची मला लाज वाटते.

त्या दुपारी मी एकूण एक कोपरा बाहेर काढून अंथरला. मोठा टेबलक्लॉथ, चोवीस नॅपकिन, सगळ्यांवर वेगवेगळी अक्षरं.

वीबेचं भाषण झकास झालं. आजोबा, बटाटे, माणुसकी. मग शेजारच्या रोलीनने बशी बाजूला सरकवली आणि टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ख्रीट, ही अक्षरं कुणाची गं? तुमच्यात तर अशा नावाचं कुणी नाही."

"नाव नाही माहीत. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात एक बाई हेगहून आली होती. सायकलला टायर नव्हते, चाकाला बागेतली रबरी नळी गुंडाळलेली. बटाट्यांच्या बदल्यात साधा टॉवेल देत होती, तर बाबा म्हणाले, 'हे नको, भरतकामाचं काढ.' मग तिनं लग्नातला टेबलक्लॉथ काढला. अर्धी गोणी बटाटे मिळाले. मी सहा वर्षांची होते. गोणीचं तोंड मी धरलं होतं."

कुणीही केक खाईना.

"आत्या!" वीबे हसायला बघत होता. "लोक खुशीनं देत होते. उपकाराची जाण होती त्यांना!"

मागच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. जाण म्हणे! ती बाई फाटकापर्यंत मागे वळून टेबलक्लॉथकडे बघत गेली होती.

"मग तर फारच छान," मी फोटोग्राफरला म्हटलं. "बाळा, एकेका कोपऱ्याचा फोटो छाप. नातवंडं ओळखतील, येऊन घेऊन जातील. नुसती आमचीच नाहीत, गावात सगळ्यांच्याच कपाटांत असतील. कुणाकुणाकडे आहेत, हात वर करा बघू."

फोटोग्राफरने कॅमेरा उचलला.

हात एकही वर गेला नाही. पण रोलीनने मान खाली घालून आपल्या नॅपकिनचा कोपरा हळूच आत दुमडला. तिच्या शेजारणीने दुमडला. मग पलीकडच्या दोघींनी. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांनी कोपरे आत घेतले, टेबलक्लॉथचेसुद्धा, सफाईने, न बघता. कुणालाही शिकवावं लागलं नाही.

फोटो निघाला तेव्हा टेबल अगदी स्वच्छ पांढरं दिसत होतं.