सफारीला न गेलेला तंबू

मी तंबू बोलतोय. हसू नका हां! तंबू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एकतर सर्कस येते, नाहीतर लग्नातली जेवणाची लाइन. मी त्यातला नाही. मी सफारीचा तंबू आहे, एकदम लक्झरी! जे लोक वाघ बघायला विमानाने येतात आणि जंगलात पण ज्यांना गरम पाणी लागतं ना, त्यांच्यासाठीचा. म्हणजे, व्हायला हवा होतो. जंगल मी पाहिलेलंच नाही. आयुष्यात एकदाच बाहेर पडलो, ते पण खाडीकाठच्या राई गावापर्यंत, टेम्पोतून, गुंडाळलेला.

सगळं सांगतो. वेळ कमी आहे, म्हणून भराभर सांगतो. मध्ये थांबवू नका.

माझा जन्म हाटकेशचा, म्हणजे भायंदरच्या बाजूची छोट्या कारखान्यांची वस्ती. २००८चा पाऊस नुकताच संपला होता. एका बाजूला स्टीलचे डबे पॉलिश करणारा गाळा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बटणांचा, आणि मधे आमचा. दिवसभर असली घरघर की स्वतःचा विचार पण ऐकू येत नाही! गाळा निकेतचा. निकेत म्हणजे जवळच्याच सिल्व्हर पार्क भागातला पोरगा, फॅमिली गिरगावातून इकडे आलेली. त्याचे वडील इथे ट्रकच्या ताडपत्र्या शिवून घ्यायचे. ते गेले आणि निकेतने ठरवलं, ताडपत्र्या बंद, आता तंबू. कुठल्यातरी प्रदर्शनात त्याला मध्य प्रदेशातल्या एका जंगल कॅम्पचे मॅनेजर भेटले होते, रोशन सर. ते म्हणाले, "एक सॅम्पल बनव. आवडलं तर अख्ख्या कॅम्पचे तंबू तुझे." बस्स! निकेतला स्वर्ग दोन बोटं उरला.

मला शिवलं उर्मिलाताईने. ती रत्नागिरीकडची, निकेतच्या वडिलांपासून या गाळ्यात आहे. जाड कॅनव्हास, दुहेरी शिलाई, खिडक्यांना बारीक जाळी, आतून मऊ पांढरं अस्तर. मशीन चालवताना माझ्याशी बोलायची. "सरळ बस रे बाबा. गोऱ्या साहेबांना वाकडं चालत नाही." आणि मी सरळ बसायचो! खरंच!

मी दोघांसाठी होतो. एक मोठा पलंग, एक लिहायचं टेबल, मागे आंघोळीच्या टबाची जागा. निकेत सगळ्यांना सांगत सुटायचा, "ताई, यात माणूस झोपला ना, की बाहेर हरणांचा आवाज येणार त्याला." मी ऐकून वेडा व्हायचो. तंबूला दुसरं काय हवं असतं सांगा? आत कुणीतरी झोपावं. रात्रभर त्याच्यावर लक्ष ठेवावं. सकाळी त्याने दाराची चेन उघडून बाहेर बघावं आणि "वा!" म्हणावं. बस, एवढंच.

नोव्हेंबरमध्ये मी तयार झालो आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला. गाळ्यात रेडिओ लावून सगळे नुसते उभे होते. बाजूच्या गाळ्यांची घरघर पण बंद. मला पहिल्यांदा शांतता कळली, आणि अजिबात आवडली नाही.

मग रोशन सरांचा फोन. निकेतने स्पीकर चालू केला, कारण एकट्याने ऐकायची त्याची हिंमत नव्हती.

"निकेत, फॉरेनर्सचं सगळं कॅन्सल. एक पण येत नाहीये. तिकडे मंदी होतीच, आता हे."

"मग सर, माझे तंबू?"

"बघ, कॅम्प जगवायचा तर आता आपलीच माणसं आणावी लागणार. मे महिन्याच्या सुट्टीतल्या फॅमिल्या. तंबू फॅमिलीला चालेल असा करून दे, मग बोलू."

फोन ठेवल्यावर निकेत म्हणाला, "ताई, ही ऑर्डर गेली तर गाळा गेला. आपण सगळे घरी."

उर्मिलाताईने चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळली. "चल रे साहेबा. आता देशी हो."

आणि मी देशी झालो! तुम्हाला सांगतो, माणसं किती वेगवेगळ्या पद्धतीने झोपतात हे मला तेव्हा कळलं. गोऱ्या जोडप्याला एकांत लागतो. आपल्या फॅमिलीला एकांत मिळाला की घाबरायला होतं! निकेतची आई, मनोरमाकाकू, एकदा गाळ्यात मला बघायला आल्या आणि पहिलाच प्रश्न, "आजी-आजोबा कुठे झोपणार?"

"आई, त्यांचा वेगळा तंबू."

"जंगलात? वाघ असताना? वेडा आहेस का तू?"

झालं! लिहायचं टेबल गेलं, तिथे गाद्या घालायची जागा आली. मधे पडदा आला. टबाची जागा गेली, तिथे नळ, बादली, प्लास्टिकचा मग. "टबात बसून कोण स्वतःच्याच मळात डुंबणार?" इति काकू. ओले टॉवेल टाकायला आत दोरी. खाऊच्या डब्यांना फळी. देवाला छोटा कोनाडा, कारण सकाळची उदबत्ती जंगलात पण चुकत नाही. उर्मिलाताई उसवत होती, जोडत होती, उसवत होती. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. येऊ दे ना फॅमिली! दोघांच्या जागी आठ झोपू देत! मला चालणार होतं. मला पळणार होतं!

आता हे सगळं उभं करून दाखवायचं कुठे? हाटकेशमध्ये मोकळी जागा म्हणजे टेम्पो उभा करायला पण भांडण. तेव्हा उर्मिलाताई म्हणाली, "राईच्या सरूबाईला विचारते." सरूबाई म्हणजे तिची मासळीवाली, खाडीकाठी घर, पुढे ऐसपैस अंगण. सरूबाईने कमरेवर हात ठेवून ऐकलं आणि हसली. "जागा हाय ना! लाव की तंबू. कोन न्हाय म्हनतंय? फकस्त माज्या बोंबलांच्या काठ्या थोऱ्या बाजूला कर."

असा मी राईला उभा राहिलो. फेब्रुवारी होता. काय सांगू, यार! पहिल्यांदा दोऱ्या ताणल्या, पहिल्यांदा अंगात वारा भरला. समोर तिवरांची झाडी, वर बगळे, बाजूला बांबूच्या काठ्यांवर लटकणारे बोंबील, खाली चटयांवर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी. मला वाटलं हेच जंगल! निकेत आत बसून तासभर मोबाईलवर बोलत होता. "सर, एक नंबर उभा राहिलाय. हो सर. कधी येतायत ते?"

ते म्हणजे किरीटभाई. भायंदरचे टूरवाले. उन्हाळ्यात बसच्या बस भरून फॅमिल्या फिरायला नेणारे. रोशन सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "किरीटभाईंनी मे महिना बुक केला तर तुझी ऑर्डर पक्की. नाही केला तर माझाच अर्धा कॅम्प बंद." किरीटभाई रविवारी येणार होते. तोपर्यंत मी तसंच उभं राहायचं, कापड कुठे झोल खातंय का बघायला.

आणि इथेच झालं सगळं.

राईला संध्याकाळ झाली की दव उतरायला लागतं. दव पडलं की वाळत घातलेल्या मासळीचा सत्यानाश. सरूबाई रोज ओझी उचलून घरात न्यायची. घर छोटं, मासळी ढीगभर. उर्मिलाताई तेव्हा माझ्या दोऱ्या तपासायला आली होती. ती सहज म्हणाली, "अगं, एवढा मोठा तंबू रिकामा उभा आहे. यात ठेव की. पाणी शिरत नाही, हवा खेळती, मांजर पण येणार नाही, जाळी आहे."

"चालंल ना ग तुज्या शेठला?"

"न चालायला काय झालं? सकाळी काढून घे."

आणि माझे पहिले पाहुणे आले. बोंबील! पडद्याच्या अलीकडे बोंबील, पलीकडे जवळा, आणि आजी-आजोबांच्या जागेवर सुकलेली मांदेली. मी काय सांगू, मला भारीच वाटलं! कुणीतरी आत आलं ना! रविवारपर्यंत रोज संध्याकाळी यायचे, रोज सकाळी जायचे. सरूबाई स्वच्छ झाडून घ्यायची. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. उर्मिलाताईला नाही, सरूबाईला नाही, दुपारी चक्कर मारून जाणाऱ्या निकेतला तर अजिबात नाही. त्याच्याकडे सोमवार सोडला तर रोज ताटात मासे. त्यांच्यासाठी तो वास नव्हताच, ती घरची हवा होती.

रविवारी किरीटभाई आले, आईला घेऊन. बा म्हणजे पांढरी साडी, हातात जपमाळेची पिशवी. निकेतने देवाच्या कोनाड्यात उदबत्ती लावली होती. बांनी बाहेर चप्पल काढली. चप्पल! कुणाच्या घरात जावं तशी! माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी आत पाऊल टाकलं, माझ्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सिलाई बहु सरस छे."

मग थांबल्या. पदर नाकाला लावला.

"किरीट, आमां वास आवे छे."

किरीटभाईंनी दोनदा श्वास घेतला. "निकेतभाई, अंदर मच्छी रखा था क्या?"

"नाही ओ!" निकेत हसायला गेला. "खाडी आहे ना बाजूला. खाडीची हवा आहे ती."

आणि उर्मिलाताई, माझी उर्मिलाताई, दारात उभी होती. एवढा भला माणूस खोटा पडताना बघून तिला मदत करावीशी वाटली. म्हणाली, "मच्छी नाही ओ शेठ. मच्छी कोण ठेवेल? सुकी होती. सुके बोंबील. ते पण फक्त रात्रीचे."

आई शप्पथ, मला जमिनीत खुंट्यांसकट शिरावंसं वाटलं.

बा रागावल्या पण नाहीत. गुपचूप बाहेर जाऊन चप्पल घातली आणि गाडीत बसल्या.

किरीटभाई हळू आवाजात म्हणाले, "देखो, माझा प्रॉब्लेम नाय. पण मेरे ग्रुप में आधे लोग तो कांदा भी नही खाते. त्यांना मी इकडे झोपवू काय?"

"किरीटभाई, हा एकच तंबू. बाकीचे नवे करकरीत देतो! आईशप्पथ देतो!"

"नवा पण इधरच बनणार ना? हेच लोक बनवणार ना? रिस्क नाय घेणार मी. बाजारात आधीच माणूस घाबरलेला आहे, भाई."

"निदान पाच मिनिटं आत झोपून तर बघा!" निकेत अक्षरशः ओरडला. "कुणीतरी झोपून तर बघा!"

गाडी गेली.

हाटकेशला परत आल्यावर निकेतचा तोल गेला. "ताई, तुम्हाला एवढं पण कळत नाही? व्हेज पार्टी येणार आणि तुम्ही..."

"तुला आला होता वास?" उर्मिलाताईने विचारलं. "रविवारी सकाळी तासभर आत बसलेलास ना तू. आला होता? खरं सांग."

निकेत माझ्याकडे वळला. त्याने माझ्या अस्तरात नाक खुपसलं. खूप वेळ तसाच होता. शेवटी म्हणाला, "मला अजून पण येत नाहीये, ताई." आणि रडायला लागला.

मग त्यांनी मला धुतलं. साबणाच्या पावडरीने, लिंबाने, सोड्याने, गाळ्यातल्या कुणी कुणी जे सांगितलं त्या सगळ्याने. पत्र्यावर टाकून उन्हात भाजलं. वास गेला की नाही, हे सांगायला दोघांपैकी कुणाचंच नाक कामाचं नव्हतं, म्हणून बाजूच्या बटणवाल्या मारवाडी शेठला बोलावलं. तो म्हणाला, "गया." निकेतने उडी मारली! लगेच वर बादलीभर पाणी ओतून बघितलं, आणि पाणी सरळ खाली. घासून घासून माझ्यावरचा पाणी अडवणारा थरच निघून गेला होता. आता मी वासाचा नव्हतो, पण तंबू पण नव्हतो. गळका तंबू आणि भोक पडलेली बादली सारखीच.

रोशन सरांना निकेतने किती फोन केले! शेवटी एकदा उचलला. "सॉरी रे. मी स्वतः दुसरी नोकरी शोधतोय." स्पीकर चालू होता. उर्मिलाताईने तो हाताने बंद केला.

आता एप्रिल आहे. सिल्व्हर पार्कच्या काही दुकानदारांना दुकानापुढे उन्हाचे पडदे हवेत. त्याला पाणी अडवायची गरज नाही. नुसती सावली. हे काम करून दिलं तर गाळा पावसाळ्यापर्यंत तग धरेल, असं निकेत म्हणतो. पुढचं त्यालाही माहीत नाही. नवं कापड आणायची सोय नाही. कापड फक्त एकच आहे.

मी.

निकेत बाहेर पायरीवर बसलाय, पाठ करून. उर्मिलाताईने कात्री घेतली होती, मग ठेवली. म्हणाली, "कापणार नाही. मी घातलेले टाके आहेत, मीच काढीन." सकाळपासून ब्लेडने एकेक टाका उसवतेय. देवाचा कोनाडा निघाला. मधला पडदा निघाला. खिडक्या निघाल्या. डावी भिंत घडी घालून टेबलावर पडलीय आणि मला माझंच अंग परकं दिसतंय. बोलताना धाप लागतेय, कारण वारा धरायला आता काही राहिलंच नाहीये.

मला राग नाही हो कुणाचा. बांचा नाही, किरीटभाईंचा नाही. मला सावली व्हायला पण कमीपणा नाही. कुणी कुल्फी खाता खाता माझ्याखाली उभं राहिलं तरी चालेल.

फक्त एकच सांगायचंय, आणि ते तिला ऐकू जात नाहीये. तुम्ही तिच्या जवळ असाल तर सांगाल का? भिंती घे, छप्पर घे, सगळं घे. पण उर्मिलाताई, दार शेवटी उसव.

न जाणो, अजून कुणी आलं तर.