लिहिणारीने वर बघायचं नसतं

"झोपलीस की काय? तीन वाजून बारा मिनिटं झाली, अजून एकही नाही?"

टाइमकीपर गच्चीवर खुर्चीत बसले होते. मांडीवर वही आणि हातात बॅटरी होती, उजेडाने डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद गुंडाळलेली. बायको शेजारी सतरंजीवर उताणी पडून आभाळ बघत होती. दरवर्षी हे उलट असायचं.

बस डेपोत आलेल्या-गेलेल्या गाड्यांच्या वेळा लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी उल्का धरल्या. वर्षातून एका उल्कावर्षावाची रात्र त्यांनी ठरवून घेतली होती. ते सतरंजीवर पडून "गेली" म्हणायचे आणि बायको वहीत रेघ ओढायची. बघणाऱ्याने वहीकडे बघायचं नाही, लिहिणारीने वर बघायचं नाही, हा त्यांचा नियम. सकाळी आकडा हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाला कळवायचा. एकोणीस वर्षांत एकदाही खाडा नव्हता, आणि हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत.

यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. चंद्रसुद्धा पुसल्यासारखा दिसायचा, मग उल्का कुठली दिसणार? खाडा होणार म्हणून चार दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "मी बघते. तुम्ही रेघा ओढा." त्यांचा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता, पण इलाज नव्हता.

"अगं, मी काय विचारतोय?"

"झोपले नाही," ती हळूच म्हणाली. "एक गेली आत्ता. मोठी होती."

"मग सांगायचं नाही का? रेघ हुकली ना!"

"सांगायचं राहिलं. पहिल्यांदाच बघितली हो."

"पहिल्यांदा?" त्यांना हसू आलं. "एकोणीस वर्षं इथंच बसतेस की माझ्याशेजारी."

"मी लिहीत होते."

तुम्ही 'गेली' म्हणेपर्यंत ती गेलेलीच असायची, असं तिने पुढे सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिने सांगितलं नाही, म्हणून त्यांना जास्तच लागलं. एवढ्या वर्षांत आपण एकदाही तिला 'ये, तू बघ' म्हटलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

"उसवताना दोरा एका झटक्यात निघून येतो ना, तशी. आवाज नाही, काही नाही." मग ती घाईने म्हणाली, "गेली. लिहा. ही बघा, अजून एक."

मग मात्र रांगच लागली. ते चाचपडत रेघा ओढत राहिले. मधेमधे ती नुसतीच "अगंबाई" म्हणायची. ते अगंबाईचीही रेघ ओढत.

उजाडल्यावर तिने वही बघितली आणि तोंडाला पदर लावला. सगळ्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या. दहा की पन्नास, कळायला मार्ग नव्हता.

"तू मोजल्यास?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीसपर्यंत मोजल्या. पुढं नुसत्याच बघितल्या."

डेपोत कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला उभा-आडवा घेतला असता. ते म्हणाले, "लिही. अठ्ठेचाळीस, आणि काही."

"'आणि काही' चालतं का त्यांना?"

"न चालायला काय झालं? आणि बघणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल."

तिने सावकाश नाव लिहिलं. "लिहिणारा?"

"मी. पुढच्या वर्षीही मीच."

"पुढच्या वर्षी तुमचे डोळे चांगले झालेले असतील की."

"म्हणून तर," टाइमकीपर बॅटरीवरचा लाल कागद सोडवून त्याची नीट घडी घालत म्हणाले. "रेघा सरळ येतील."